रिलॅक्सर (घट्ट कुरळे केस सरळ करायचं केमिकल) केलेले केस हीट न देता वाळवले की मुळाशी फुगतात आणि टोकाला काथ्या होतो, त्यावर आम्ही काय काय केलं

आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते. माझा भाऊ ह्यूस्टनला असतो, वहिनी तिथलीच, थर्ड वॉर्डात वाढलेली, ब्लॅक अमेरिकन. भाचा झाला तेव्हा मी गेले ती चांगली पाच महिने राहिले. मी स्वतः कोल्हापुरात पार्लर चालवते, स्मूदनिंग रिबाँडिंग सगळं करते, त्यामुळे मनात एक होतंच की केसांतलं आपल्याला काय कोण शिकवणार. पहिल्याच रविवारी ती मस्ती उतरली. आता आपल्या लोकांच्या घरात पण अशा सुना, जावा, नाती आहेत, परत आल्यावर मला दोघीतिघींनी हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

वहिनीची तक्रार अशी. रविवारी सकाळी केस धुवायचे, ड्रायर नाही, इस्त्री नाही, आपोआप वाळू द्यायचे. आणि वाळल्यावर बघावं तर मुळाशी दीड इंच फुगून उभे, मधला भाग बरा, आणि टोकं कडक, हाताला नारळाच्या शेंडीसारखी. कंगवा घातला की फुगा अजून वाढतो. मग वैतागून शेवटी फ्लॅट आयर्न बाहेर येतंच आणि पुढच्या रविवारी परत तेच. वहिनीचं हे तीन महिने चाललं होतं.

हीट बंद का केली तर बाळंतपणानंतर केस भसाभसा जायला लागले आणि त्यात रिलॅक्सर झालेल्या केसावर दर आठवड्याला तापलेली इस्त्री, वर कधी कधी घाईत अर्धवट ओल्यावरच. ओल्या केसावर इस्त्री फिरली की आतलं पाणी उकळून वाफ होते आणि केसाच्या आत बुडबुडे धरतात, तिथंच तो मोडतो. हे मी आपल्याकडं पण बघितलंय, चर्रर्र आवाज आला की समजायचं.

आता मुळात रिलॅक्सर म्हणजे काय, कारण मी पण सुरुवातीला त्याला स्मूदनिंगच समजत होते. नाही. आपल्याकडं रिबाँडिंगच्या क्रीममधे बहुतेक थायोग्लायकोलेट असतं. तिकडच्या रिलॅक्सरमधे सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा हो, साबण करतात तोच, इंग्रजीत लाय, किंवा घरी करायच्या नो-लाय किटमधे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट एकत्र कालवतात. पीएच बाराच्या वर. केसातले गंधकाचे बंध कायमचे तुटतात आणि पुन्हा पहिल्यासारखे जुळत नाहीत. आणि एक कानाला खडा लावून ठेवा, आपलं थायोग्लायकोलेट आणि तिकडचं हायड्रॉक्साइड, या दोन जातीची केमिकल्स एकाच केसावर एकावर एक कधीही नाही, केस हातात येतात. तिकडून कोणी रिलॅक्सर केलेली बाई आपल्याकडं लग्नाला आली आणि पार्लरवाली म्हणाली की स्मूदनिंग करून देते मॅडम, तर सरळ उठून यायचं.

हे प्रकरण जुनं आहे बरं का. क्लीव्हलंडचा गॅरेट मॉर्गन, ज्याच्या नावावर 1923 चं ट्रॅफिक सिग्नलचं पेटंट आहे, त्याने 1913 मधे केस सरळ करायच्या क्रीमची कंपनी काढली होती. वहिनीनंच सांगितलं, केसाला क्रीम लावत असताना, शाळेत शिकवतात म्हणे.

तर जो केस रिलॅक्स झाला तो झाला. पण डोक्यातून नवीन येणारा केस आपल्या मूळच्या गुंडाळीतच येतो, घट्ट स्प्रिंगसारखा. त्याला तिकडं न्यू ग्रोथ म्हणतात. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर धरा. पूर्वी वहिनी दर आठ आठवड्यांनी टच-अप करायची, म्हणजे नवीन आलेल्या केसाला परत रिलॅक्सर. मग 2022 च्या ऑक्टोबरमधे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा अभ्यास आला, साडेतेहतीस हजार बायका, जवळजवळ अकरा वर्षं पाठपुरावा, त्यात केस सरळ करायची प्रॉडक्ट्स वर्षात 4 पेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमधे गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसलं. आकड्यात सांगायचं तर सत्तरीपर्यंत न वापरणाऱ्यांत शंभरात 1.64, वारंवार वापरणाऱ्यांत 4.05. संबंध दिसला, नक्की कशामुळे ते त्यातून सिद्ध होत नाही, पण ते वाचल्यावर वहिनीनं टच-अप वर्षातून तीनवर आणले. म्हणजे मधे साधारण सोळासतरा आठवडे. सोळा आठवड्यांत मुळाशी दीड इंच स्प्रिंग आणि खाली सगळा सरळ केस. खरी गोम इथंच होती आणि आम्ही दोघी मात्र क्रीम बदलत बसलो होतो. बाथरूमच्या कपाटात अकरा बाटल्या मोजल्या मी.

आता एक साधी गोष्ट जी आपल्या प्रत्येकीला माहीत आहे. न्हाऊन ओल्या केसांची वेणी घातली की सकाळी सोडल्यावर लाटा पडलेल्या असतात. का, तर पाण्याने केसातले छोटे बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात परत बसतात. सगळं हीटशिवायचं स्टायलिंग म्हणजे एवढंच आहे. केस मोकळा सोडून वाळवला की नवीन भाग स्प्रिंगच्या आकारात वाळणार, दुसरं काय करणार तो. म्हणजे "वाळवणे" आणि "स्टाईल करणे" या दोन पायऱ्या नाहीतच, वाळताना जो आकार दिला तीच स्टाईल.

आणि दुसरं, आकार कुठला द्यायचा ते टच-अपला किती आठवडे झाले त्यावर. हे आम्हाला कळायला पाच रविवार लागले. आईनं पाठवलेलं कालनिर्णय भावाच्या स्वयंपाकघरात टांगलेलं आहे, त्याच्यावर वहिनीनं टच-अपच्या तारखेला लाल गोल केला आणि पुढं प्रत्येक रविवारी 1, 2, 3 असे आकडे टाकत गेली, एकादशी संकष्टीच्या शेजारी. सहासात आठवड्यांपर्यंत मुळं बऱ्यापैकी सपाट राहतात, तेव्हा रोलर सेट (रोलरवर गुंडाळून वाळवणं) नाहीतर रॅप (डोक्याभोवती सपाट गुंडाळणं), सरळ केस मिळतात. आठनऊला रोलर पण वरून स्कार्फ. दहाच्या पुढं सरळ केसांचा नादच सोडायचा, ट्विस्ट (दोन पेडांचा पीळ) नाहीतर वेणी घालून वाळवायचे म्हणजे मुळाची वेटोळी आणि खालचा सरळ केस दोन्ही एकाच लाटेत मिसळून जातात आणि कुठं जोड आहे ते दिसत नाही. चौदाव्या आठवड्यात रोलरने सरळ करायला जाणं म्हणजे कुत्र्याचं शेपूट नळीत घालणं आहे, मी स्वतः तीन तास घालवलेत.

रोलरचं आधी सांगते. गुळगुळीत प्लास्टिकचे, ज्यांना तिकडं मॅग्नेटिक रोलर म्हणतात (लोहचुंबक वगैरे काही नसतं, ओला केस चिकटून बसतो म्हणून), ते घ्यायचे. काटेवाले आणि वेल्क्रोवाले नाही, ते केस ओढून तोडतात. बट रोलरच्या रुंदीपेक्षा जास्त घ्यायची नाही. केस नुसता दमट नाही, चिंब पाहिजे, बाजूला स्प्रेची बाटली ठेवायची, वाळायला लागला की परत मारायचा. बट वर सरळ ताणून धरायची, कंगवा मुळापासून टोकापर्यंत एकदा नीट फिरवायचा आणि तो ताण न सोडता गुंडाळत खाली यायचं. मुळाशी जो ताण बसतो त्यानेच फुगा जातो. टोकाला एंड पेपर लावायचा, तो पातळ कागद, नाहीतर टोक दुमडून वाळतं आणि माशाच्या गळासारखा आकडा होतो, तो नंतर कशानेही जात नाही. मी पहिल्यांदा कागद नाही लावले, म्हटलं कशाला उगीच. बावीस आकडे झाले.

दहा आठवड्यांनंतरचं फ्लॅट ट्विस्ट. आपली सागरवेणी असते ना, डोक्याला चिकटून, केस घेत घेत जायची, तसंच पण तीनच्या ऐवजी दोन पेड. वहिनीचा हात बघत मी शिकले. ती शेपटीच्या कंगव्याने कपाळापासून मागं एक भांग पाडायची, बाकीचे केस क्लिपने बाजूला, मग बोटाच्या टोकावर शेंगदाण्याएवढं क्रीम, ते आधी मुळाशी, नखाजवळच्या पेरानं दाबून सपाट करत, उरलेलं खाली. मग दोन पेड, एकावर एक टाकत, प्रत्येक वेळी खालून थोडा केस उचलत, अंगठा कायम टाळूला टेकलेला. अंगठा उचलला की ट्विस्ट मुळाशी सैल पडतो आणि तिथं फुगा येणारच. माझा अंगठा सारखा उचलायचा, सवय वेणीची. टोकाला आलं की छोट्या फ्लेक्सी रॉडवर (वाकणारी मऊ कांडी) गुंडाळायचं म्हणजे शेपूट सरळसोट राहत नाही. पूर्ण डोक्याला आठ ट्विस्ट पुरतात, जास्त केले तर कुरळेपणा जास्त, वाळतात मात्र लवकर. बंटू नॉट पण करून बघितले, बटेला पीळ देऊन छोटे छोटे अंबाडे, दिसायला छान पण आत वाळायला जन्म जातो.

आता मुळं. रोलर असो ट्विस्ट असो, कपाळापासून टाळूपर्यंतचा भाग फोम (केस बसवायचा फेस) लावून हाताने बसवायचा आणि त्याच्यावरून सॅटिनचा स्कार्फ पट्टीसारखा बांधायचा, अर्धा तास. केस दमट असतानाच. वाळल्यावर बांधून उपयोग शून्य, मी बांधून बघितलाय. घट्ट आवळायचा पण नाही, कपाळाच्या कडेचे केस नाजूक असतात, तिथून एकदा मागं हटले की परत येताना रडवतात.

कडकपणाचं दुखणं वेगळं आणि त्याची कारणं पण दोनतीन. वहिनीची बहीण घरी नो-लाय किट वापरायची, त्यातल्या कॅल्शियमचा थर केसावर बसतो. गिझरच्या कॉइलवर पांढरं धरतं ना, तसंच समजा, त्यात नळाला क्षाराचं पाणी असेल तर बघायलाच नको. अशा केसावर कितीही कंडिशनर ओता, वरून वाहून जातं. त्याला चिलेटिंग शाम्पू, म्हणजे क्षार काढणारा, लेबलवर ईडीटीए लिहिलेलं बघून घ्यायचा, महिन्यातून एकदा, आणि त्यानंतर चांगलं डीप कंडिशनिंग कारण तो शाम्पू कोरडं करतो. वहिनी स्वतः सलूनमधे लायवालं करून घेते तरी तिचे कडक का, तर तिचं कारण निघालं प्रोटीन. केस तुटतात म्हणून दर आठवड्याला प्रोटीन ट्रीटमेंट, लीव्ह-इनमधे (न धुता केसांत ठेवायचं कंडिशनर) पण केराटिन, म्हणजे प्रोटीनच, मास्कमधे पण. दोन आठवडे सगळं प्रोटीन बंद केलं, नुसतं मॉइश्चर, टोकं नरम आली. उलट ओला केस ओढल्यावर च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आला नाही तर प्रोटीन कमी पडतंय.

तिसरं कारण म्हणजे प्रॉडक्ट एकमेकांशी फाटणं. हे एकदम घरगुती परीक्षेनं कळतं. लीव्ह-इन आणि फोम दोन्ही थोडं थोडं तळहातावर घेऊन बोटाने मिसळायचं. गुळगुळीत राहिलं तर ठीक, नासलेल्या दुधासारखे कण झाले तर केसावर पण तेच होणार आणि वाळल्यावर कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे. अकरापैकी चार बाटल्या या परीक्षेत नापास झाल्या. भाऊ म्हणाला एवढ्या पैशात माझी एक गाडीची सर्व्हिसिंग झाली असती. त्याला बाळ धरायला दिलं.

माझ्या चुका पण लिहिते. खोबरेल. मी हिलक्रॉफ्टच्या इंडियन दुकानातून बाटली आणली आणि धुतलेल्या ओल्या केसांवर आपल्यासारखं चांगलं चोपडलं. केस संध्याकाळपर्यंत वाळले नाहीत आणि वाळले तेव्हा मेणचट. खोबरेल वाईट नाही, धुवायच्या आधी लांबीला लावलं तर फायदाच, केसातलं प्रोटीन कमी झडतं, पण नंतर लावायचं तर दोन थेंब, आणि तेही शेवटी, फक्त टोकांना. दुसरी चूक टॉवेल. जाड टर्किशने खसाखसा पुसलं की ती जी न्यू ग्रोथ आहे ती तिथल्या तिथं पिसारते. तिकडं बायका जुना टीशर्ट वापरतात. मी बॅगेतून आईचा पंचा काढला, धुवून धुवून मऊ झालेला, आणि नुसता दाबून पाणी टिपलं. वहिनीनं तो पंचा ठेवूनच घेतला.

किती ओले असताना स्टाईल करायचे हाही घोळ. रोलरला चिंब, पण ट्विस्टला नाही. ट्विस्ट चिंब केसांचे घातले तर आतपर्यंत वाळायला दुसरा दिवस उजाडतो, आणि तसेच बॉनेटमधे (झोपताना घालायची सॅटिनची टोपी) घालून झोपलं तर सकाळी कुबट वास. पंच्यानं टिपून, अर्धा तास मोकळे सोडून, पाणी गळायचं थांबलं आणि हाताला फक्त दमट लागलं की घालायचे. रात्री न्हायचंच नाही, सकाळी लवकर. पंख्याखाली बसा, ते चालतं, गार हवा आहे. वहिनीच्या खांद्याखाली येणाऱ्या केसांना रोलरवर सहासात तास लागायचे.

आणि सोडायची घाई नाही करायची. अर्ध्याअधिक वेळा सगळं बरोबर करून इथंच माती होते. वरून वाळलेलं वाटतं पण आत ओलं असतं, सोडलं की तासाभरात फुगतं. डोक्याच्या मागचा, मधला एक ट्विस्ट उलगडून ती बट गालाला लावून बघायची, पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळलेत का बघतो तशी. गार लागली तर ओली आहे, परत पीळ देऊन ठेवून द्यायची.

ह्यूस्टनची हवा म्हणजे आपली जूनमधली मुंबई. तिथं ग्लिसरीन जास्त असलेलं लीव्ह-इन उन्हाळ्यात लावलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मेहनत गेली. ग्लिसरीन लेबलवर पहिल्या चारपाच नावांत असेल तर ती बाटली उन्हाळ्यात बाजूला. त्याऐवजी शेवटी हलकं सिलिकॉनचं सीरम.

केस धुताना बेसिनमधे जे केस जातात त्याचा पण सोक्षमोक्ष लावा आधी, स्टाईल नंतर. मुळाशी पांढऱ्या बारीक गाठीसकट पूर्ण लांबीचा केस असेल तर तो गळलेला, बाळंतपणानंतर तीनचार महिन्यांनी असा लोंढा येतो आणि जातो. पण गाठ नाही आणि बोटभर आखूड तुकडे असतील तर ते मोडलेत, आणि ते मोडतात बरोब्बर नवीन आणि जुन्या केसाच्या जोडावर. जितके आठवडे वाढवाल तितका तो जोड सांभाळायला लागतो. गुंता नेहमी कंडिशनर लावलेला असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर वर येत, आणि दुसऱ्या हाताने जोडाच्या वर बट धरून. कोरडी न्यू ग्रोथ विंचरायची नाही, कितीही मोह झाला तरी. एवढंच नीट केलं तर बेसिनमधले तुकडे महिन्याभरात कमी झाले, मी मोजत नव्हते पण वहिनी मोजत होती.

रात्री रोलरवाले केस असतील तर रॅप, म्हणजे सगळे केस डोक्याभोवती एका दिशेने सपाट विंचरत गोल गुंडाळायचे, पिना, वरून सॅटिनचा स्कार्फ. ट्विस्टवाल्यांना चारपाच मोठे सैल ट्विस्ट आणि बॉनेट. सुती उशी केसातलं तेलपाणी शोषून घेते. बॉनेट झोपेत निघत असेल तर सॅटिनचा अभ्रा घाला आणि विषय संपवा.

तरी गुरुवार शुक्रवारपर्यंत मुळं थोडी उठतातच, चौदा आठवड्यांना तर नक्की. तेव्हा परत ओलं करून पहिल्यापासून सुरू करायचं नाही. कपाळावर थोडा फोम, वीस मिनिटं स्कार्फ, आणि मागं सैल अंबाडा. वहिनी त्याला बन म्हणते आणि रबर लावायची, रोज त्याच जागी, आणि तिथं केस कापल्यासारखे झाले होते. मी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून नेलेले अंबाड्याचे आकडे दिले, चार आकड्यांत दिवसभर हलला नाही. फक्त टोकं घासलेली, गुळगुळीत घ्यायची, काळा रंग उडालेला असेल तर तो आकडा टाकून द्यायचा, केस अडकतो त्यात. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली पुढच्या वेळी येताना दोन डझन आण आणि एक पंचा, बहिणीला पण पाहिजे.